दर दोन तासांनी एक वाटी

जव्हार तालुक्यातील माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांच्या गटात, कुपोषित मुलांना गावातच आहार आणि उपचार देणारे ग्राम बाल विकास केंद्र सुरू झाले ते ऐन श्रावणात. पर्यवेक्षिका म्हणून रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्या दिवसांत घरच्या कणगीतली नाचणी आणि वरई तळाला लागलेली असते, नवे पीक दसऱ्याशिवाय हाती येत नाही आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, व तिच्या पाठोपाठ येणारी बेणणी, म्हणजे खुरपणी, यांमुळे घरातील प्रत्येक धडधाकट माणूस दिवसभर शेतात वाकलेला असतो. वर्षभरात मुलांची वजने सर्वांत जास्त घसरतात ती याच काळात, हे आमच्या नोंदवह्या दरवर्षी सांगतात. त्या नोंदींमागे काय असते, हे मला त्या पाड्यावरील आठ आठवड्यांत प्रथम नीट समजले, म्हणून ते जसे घडले तसे लिहून ठेवत आहे.

सुरुवात शोधमोहिमेने झाली. अंगणवाडीच्या सेविकाताई, मदतनीस, आशाताई आणि मी अशा आम्ही चौघी दोन दिवस घरोघरी फिरलो. पाड्यावरील रस्ता ओढ्यापाशी संपत असल्यामुळे वजनकाटा डोक्यावर घेऊन पलीकडे जावे लागले. लहान मुलांना घराच्या आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत बसवून वजन घ्यायचे, दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवे निजवून, एकीने डोके धरून आणि दुसरीने गुडघे अलगद दाबून लांबी मोजायची, आणि शेवटी डाव्या दंडावर खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करून दंडघेराची पट्टी गुंडाळायची, असा क्रम होता. पट्टी ओढून आवळली तर मूल उगाचच लाल रंगात येते आणि सैल ठेवली तर खरे आजारी मूल पिवळ्यात जाऊन बसते, म्हणून ताई प्रत्येक मुलाचा दंड दोनदा मोजत होत्या. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे आमच्या रोजच्या भाषेत सॅम, धरले जाते. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम कुपोषित, अर्थात मॅम. उंचीच्या मानाने वजन किती आहे हे तक्त्यावर पाहून तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ताडून घेतात.

त्या पाड्यावर आणि शेजारच्या दोन पाड्यांवर मिळून सात मुले सॅममध्ये निघाली. त्यांतील एका मुलीबद्दल मी येथे अधिक लिहिणार आहे, कारण या प्रक्रियेची प्रत्येक पायरी तिच्या बाबतीत मी जवळून पाहिली. ती बावीस महिन्यांची होती, लांबी ७४ सेंटिमीटर, वजन ६ किलो ६०० ग्रॅम आणि दंडघेर ११.२. आम्ही घरात शिरलो तेव्हा ती सात वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर बसून दाराबाहेरच्या पावसाकडे पाहत होती. झोळीत घातले तरी ती रडली नाही. नवीन असल्यामुळे मला ते मूल शांत, गुणी वाटले. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "मॅडम, जे रडत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. भूक मेली की मूल मागायचे सोडते." अशी मुले हट्ट करत नाहीत, ताटाकडे झेपावत नाहीत, आणि म्हणूनच सर्वांच्या नजरेतून सुटतात.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. त्यांनी प्रत्येक मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून, तीनपर्यंत मोजून, खळगा राहतो का हे पाहिले. एका मुलाच्या पावलांवर तो राहिला. अंगावर सूज असलेले मूल वरवर गुटगुटीत दिसते. त्याच्या आजीलाही ते अंगाने भरत चालले आहे असेच वाटत होते. त्याला पाड्यावर ठेवण्यात धोका होता, त्याला तालुक्याच्या ठिकाणी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे आवश्यक होते. तेथे साधारण चौदा दिवस आईसह राहावे लागते आणि आईला बुडीत मजुरीही मिळते. पण घरी आणखी दोन मुले, दोन शेळ्या आणि अर्धवट राहिलेली बेणणी होती. त्या बाईने नकार दिला नाही, फक्त खाली पाहत उभी राहिली. अखेर तिच्या जावेने दोन्ही मुले आपल्याकडे घेतली, भावकीतील दोघांनी तिच्या वाट्याची बेणणी उरकण्याचे कबूल केले आणि संध्याकाळच्या गाडीने ती मुलाला घेऊन निघाली. रुग्णालयातील खाट सरकारने पुरवलेली होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्या जावेने मोकळा केला, हे मला नोंदवलेच पाहिजे.

उरलेल्या सहा मुलांची भूक चाचणी झाली. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, दुधाची भुकटी, साखर आणि खोबरेल तेल एकत्र करून एक मऊ गोळा तयार करतात. मुलाने आधीचे दोन तास काही खाल्लेले नसावे, जागा शांत असावी आणि आईने स्वतः, जबरदस्ती न करता भरवावे, असा नियम आहे. चार ते सात किलो वजनाच्या मुलाने त्यातील निदान पंचवीस ग्रॅम खाल्ले तर त्याची भूक शाबूत आहे आणि त्याला गावातच सुधारता येईल, असे समजतात. त्या मुलीने पहिला घास जिभेने बाहेर ढकलला. तिची आई माझ्याकडे आणि मी घड्याळाकडे पाहू लागले. ताईंनी मला हळूच बाजूला बसवले, मुलीच्या हातातच एक लहान गोळी दिली आणि सगळ्यांना दुसरीकडे पाहायला सांगितले. दहा मिनिटांनी तिने बोटे चाटली. अर्ध्या तासात पंचवीस ग्रॅम संपले आणि ती आमच्या केंद्रात दाखल झाली. डॉक्टरांनी पाच दिवसांचे प्रतिजैविक, जंतनाशक आणि फोलिक आम्ल लिहून दिले. लोहाचे औषध मात्र त्यांनी जाणीवपूर्वक मागे ठेवले. इतक्या खंगलेल्या शरीराला ते सुरुवातीलाच दिले तर संसर्ग बळावू शकतो, म्हणून वजन वाढू लागल्यावरच ते सुरू करायचे असते.

आता खऱ्या कामाला सुरुवात झाली. या उपचारातील कळीचा शब्द अन्न नसून वेळा हा आहे, असे मी आज ठामपणे म्हणेन. दोन वर्षांच्या मुलाचे पोट त्याच्या मुठीपेक्षा फार मोठे नसते. नाचणीच्या पातळ आंबिलीने ते पाच मिनिटांत भरते आणि तासाभरात रिकामे होते. त्यामुळे अशा मुलाला थोडे थोडे, घट्ट, तेलातुपाचे अन्न दिवसातून सात-आठ वेळा द्यावे लागते. सकाळी आठला लापशी, दहाला शेंगदाण्याचा लाडू, बाराला तेल घातलेली खिचडी, दोनला उकडलेले अंडे आणि बटाटा, मग चार, सहा आणि आठ, असे आमचे वेळापत्रक भिंतीवर लागले. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी मिळतात, त्यांचा येथे मोठा आधार झाला. शिजवून देण्याचे जास्त ऊर्जेचे पाकीटबंद अन्नही यायचे होते, पण ते पहिले बारा दिवस पोहोचलेच नाही. ते दिवस ताईंनी अमायलेजयुक्त पिठावर काढले.

हे पीठ करताना मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले. गहू रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायचे, हलकेच भाजायचे आणि दळून आणायचे. नाचणीची लापशी शिजून चमच्याला चिकटून बसेल इतकी घट्ट झाली की ती जरा कोमट होऊ द्यायची आणि या पिठाचा एक चमचा त्यात घालून ढवळायचे. डोळ्यांदेखत ती सैल होऊन वाहू लागते. पाणी एक थेंबही वाढलेले नसते. मोडांमधील अमायलेज पिष्टाचे विघटन करते एवढेच. ज्या मुलाला घट्ट घास गिळवत नाही आणि पातळ अन्नातून काही मिळत नाही, त्याच्यासाठी ही एक चमचा भुकटी मोलाची आहे. ताईंच्या हाताखाली चार आया ते शिकल्या, आणि त्यांतील एकीने दुसऱ्याच दिवशी गव्हाऐवजी घरच्या नाचणीला मोड आणून दाखवले. तेही चालले.

पहिल्या आठवड्यात मुलीचे वजन १५० ग्रॅमने वाढले. दुसऱ्या आठवड्यात केवळ ५० ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात तिला हगवण लागली आणि कमावलेले सगळे वजन जाऊन काटा पुन्हा ६ किलो ६०० वर आला. क्षारसंजीवनी दिली, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस सुरू केल्या, पाणी उकळण्याची ताकीद दिली. परंतु हगवण थांबल्यावरही वजन हलेना, तेव्हा माझी चिडचिड झाली. संध्याकाळच्या दोन वेळांसाठी आम्ही लाडू आणि पीठ डब्यात घालून घरी देत होतो, ते मुलीला मिळत नसावे असा मला संशय आला. प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितले गेले होते की मातांमध्ये जाणीव कमी असते. तोच चष्मा लावून मी एका संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांच्या घरी गेले.

आई नुकतीच शेतातून येऊन चुलीपाशी बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. डबा माझ्या समोरच उघडला गेला. त्यात दोन लाडू होते आणि भोवती चार मुले होती. आईने लाडवांचे तुकडे केले, सर्वांत मोठा तुकडा धाकटीला दिला आणि उरलेले तिघांत वाटले. तिने काही लपवले नाही, कारण लपवण्यासारखे तिला त्यात काही वाटलेच नव्हते. मी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. एका घरात एका मुलाला औषध देता येते. तीन मुले पाहत असताना एकालाच अन्न देता येत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही वाटूनच दिले असते. शिवाय ती पहाटे पाचला उठून सहाला घराबाहेर पडत होती आणि संध्याकाळी सहाला परतत होती. मधले बारा तास मुलगी बहिणीकडे, आणि बहीण शाळेत गेली की डोळ्यांनी अधू असलेल्या आजीकडे असे. जाणीव त्या बाईला पुरेपूर होती. तिच्याजवळ दिवस शिल्लक नव्हता. त्या दिवसापासून मी अहवालात कोणत्याही मातेच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द लिहिलेला नाही.

त्या रात्री मी पाड्यावरच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बचत गटाच्या बायकांची बैठक होती, तेथे ताईंनी हा प्रश्न आपल्या शब्दांत मांडला. चर्चा लांबली. एकीचे म्हणणे असे की सरकारने अन्न दिले आहे तर भरवायला माणूसही सरकारनेच द्यावा. मला ते रास्त वाटले आणि आजही वाटते. सकाळी आठ ते रात्री आठ चालणारे हे काम ज्या सेविकेकडून अपेक्षित आहे तिला आपण पगार देत नाही, मानधन देतो. तरीही त्या बैठकीत तोडगा निघाला. ज्या घरात म्हातारी माणसे, बाळंतीण किंवा अंगमेहनत न झेपणारी बाई दुपारनंतर घरीच असते, अशी सात घरे निघाली आणि आठवड्याचे सात वार त्यांनी वाटून घेतले. चार, सहा आणि आठ या तीन वेळांना सहाही मुलांना त्या दिवशीच्या ओटीवर आणायचे आणि तेथेच भरवायचे. मोठी भावंडे बरोबर आली तर त्यांच्यापुढेही काहीतरी ठेवायचे, त्यासाठी ज्याला जमेल त्याने मूठभर नाचणी, परसातील भोपळा, दोन अंडी द्यायची. गावातील एका दुकानदाराने गूळ आणि तेल देण्याचे कबूल केले आणि शेवटपर्यंत दिले.

त्या ओट्यांवरच्या संध्याकाळी माझ्या मनात अजून आहेत. पाऊस पडत असायचा, कंदील किंवा मिणमिणता दिवा असायचा, आणि सहा मुले एका ओळीत बसलेली असायची. घरी एकटे बसवून भरवल्यावर तोंड फिरवणारे मूल शेजारच्याचे पाहून तोंड उघडते, हे तेथे रोज दिसले. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एका संध्याकाळी त्या मुलीने शेजारच्या मुलाच्या वाटीत हात घातला, त्याने ती ओढून घेतली आणि ती मोठ्याने रडू लागली. ताईंनी तिला उचलून घेतले, आणि रडणाऱ्या पोरीला छातीशी धरून त्या स्वतः डोळे पुसत हसत होत्या. तिला हवे होते, मिळाले नाही म्हणून ती रडत होती. काट्यावर ते चार दिवसांनी दिसले. आम्हाला त्या संध्याकाळीच कळले होते.

त्यानंतर वजन आठवड्याला अडीचशे-तीनशे ग्रॅमने वाढत राहिले. आठव्या आठवड्याच्या शेवटी ती ७ किलो ७०० ग्रॅमवर पोहोचली आणि दंडघेर १२.३ झाला, म्हणजे सॅममधून मॅममध्ये आली. सहापैकी चार मुले अशी बाहेर पडली, एकाला आणखी काही आठवडे ठेवले आणि एका मुलाचे वजन कशानेच वाढेना म्हणून तपासणी केली तेव्हा त्याला क्षयरोग निघाला. त्याचे उपचार सुरू झाले. सूज असलेला मुलगाही पुनर्वसन केंद्रातून परत आला होता. पहिल्याच दिवशी तो ओळखू येईना, कारण सूज उतरल्यामुळे तो आधीपेक्षा बारीक दिसत होता आणि आजीने त्यावरून आम्हाला बरेच सुनावले.

याच तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ सालच्या बालमृत्यूंमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्यानंतर या डोंगरांत रस्ते आले, अंगणवाड्या आल्या, योजना आल्या, आणि खूप काही सुधारले हे कोणी नाकारू नये. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतही महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. माझ्या बीटमधील जुन्या सेविका वावर-वांगणीबद्दल फारसे बोलत नाहीत. त्या फक्त श्रावणात वजने दोनदा घेतात.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा होऊ लागला. वीटभट्टीच्या मालकांकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, वाड्याकडे जातात आणि शिमग्यानंतर, कधी थेट पावसाच्या तोंडावर परततात. मुलीचे आईवडीलही निघाले. मला याची सर्वांत जास्त धास्ती होती, कारण दोन महिन्यांत सावरलेले मूल भट्टीवर दोन आठवड्यांत घसरते, असे प्रत्येक सेविका सांगते. आम्ही कुटुंब कोठे जाणार हे विचारून घेतले, मुलीच्या नोंदीची प्रत आईजवळ दिली, अंगणवाडीच्या ॲपमध्ये स्थलांतराची नोंद केली आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीतील सेविकेचा क्रमांक मिळवून तिच्याशी बोललो. ताईंनी झाकणाचा तोच डबा मोड आणलेल्या पिठाने भरून दिला.

तीन आठवड्यांनी तेथील सेविकेचा फोन आला. वजन ७ किलो ८०० होते, म्हणजे फार वाढले नव्हते, पण घसरलेही नव्हते. पीठ संपत आले होते. आईने तिला विचारले होते की येथे संध्याकाळची वाटी कोणाच्या ओटीवर असते, आणि त्या सेविकेला तो प्रश्न कळला नव्हता, म्हणून तिने मला विचारले. मी तिला सात घरांची ती व्यवस्था सांगितली. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली की भट्टीवर घरे नाहीत, विटांची खोपटी आहेत, पण दोन म्हाताऱ्या आणि एक ओली बाळंतीण दिवसभर तेथेच असतात. "नावे सांगा," मी म्हटले आणि वही उघडली.